बांसरीची पहिली फुंक

दर वर्षीं गांवची जत्रा उलगडली कीं आमच्या वसतिगृहांत दहापांच बांसऱ्या येतात. मुलें खाऊचे पैसे वांचवून त्या विकत घेतात, आणि पहिल्या दिवशीं अभ्यासाची घंटा होईपर्यंत व्हरांड्यांत फुंकण्याचा एकच गदारोळ चालतो. स्वर मात्र क्वचितच ऐकूं येतो. ऐकूं येते ती फुसफूस. दुसऱ्या दिवशीं गदारोळ निम्म्यावर येतो, आठवडा संपला म्हणजे सर्व शांत होतें, आणि पुढें नाताळच्या सुटीपूर्वीं खोल्या झाडतांना त्याच बांसऱ्या ट्रंकांच्या मागें सांपडतात. एक तर आम्हांस खिडकीला अडसर म्हणून लाविलेली आढळली. ज्यांनीं त्या घेतल्या त्यांस विचारावें तर उत्तर ठरलेलें असतें : "सर, आमच्या छातींत तेवढा दम नाहीं."

हें उत्तर चुकीचें आहे. तथापि आम्हींहि एके काळीं तें, किंवा त्याच्याच जातीचें दुसरें एक उत्तर, खरें मानीत होतों, आणि त्यापायीं एका विद्यार्थ्यावर आमच्या हातून अन्याय घडला. तो प्रसंग पुढें ओघानें येईलच. आधीं बांसरींतून स्वर निघतो तो कसा, हें पाहूं. कारण हें एकदां नीट समजलें म्हणजे नवशिक्याचे निम्मे श्रम वांचतात.

जत्रेंत मुलांना दोन प्रकारचीं वाद्यें मिळतात. एक सरळ तोंडांत धरून वाजविण्याचें. त्याला आपल्याकडे अलगूज म्हणतात. त्याच्या तोंडाशीं लांकडाची एक खुंटी बसविलेली असते, व तिच्या शेजारीं एक चिंचोळी फट ठेवलेली असते. दुसरी ती आडवी बांसरी. अलगूज कोणींहि फुंकलें तरी वाजतें. चार वर्षांचें पोरहि तें वाजवितें. आडवी बांसरी मात्र मोठ्या माणसासहि पहिल्या दिवशीं दाद देत नाहीं. दोहोंत फरक एवढाच कीं, अलगुजांत फुंक कोठें व कशी पडावी हें त्या खुंटीनें आधींच ठरवून ठेवलेलें असतें. आडव्या बांसरींत तें काम वाजविणाराच्या ओठांनीं करावयाचें असतें. म्हणजे आडवी बांसरी शिकणें हें प्रथमतः ओठांचें शिक्षण आहे. बोटांचा क्रम दुसरा, आणि छातीचा अगदीं शेवटचा.

पेटींत धातूच्या पट्ट्या हलतात, सनईंत पत्ती थरथरते, सारंगींत तार कंप पावते. बांसरींत असें हलणारें कांहींच नाहीं; हलते ती केवळ हवा. ओठांच्या फटींतून निघालेली हवेची पातळ पट्टी मुखरंध्रावरून जाऊन त्याच्या पलीकडच्या कांठावर आदळते. तेथें ती स्थिर राहत नाहीं. एकदां आंत, एकदां बाहेर असे हेलकावे खाते. नळींतील हवा तिला ढकलते, ती नळींतील हवेस ढकलते, आणि दोहोंचा मेळ बसला कीं स्वर उमटतो. पट्टी जाड असली, अथवा कांठावर न आदळतां वरून निसटली, किंवा सरळ भोंकांत शिरली, तर मेळ बसत नाहीं आणि निव्वळ फुसफूस होते. अशा वेळीं नवशिका काय करतो? तो जोर वाढवितो. गोफणीचा नेम चुकत असतां ती अधिक जोरानें फिरविण्यासारखेंच हें आहे. दगड तेवढा लांब जातो, पांखरूं जागेवरच राहतें.

विज्ञानाच्या वर्गांतील एखादा चौकस मुलगा येथें आम्हांस हटकून विचारतो, "सर, डोक्याकडचें टोंक तर बुचानें बंद असतें, मग बांसरी दोन्ही बाजूंनीं उघडी नळी कशी?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असें कीं, बुचाच्या जवळच असलेलें मुखरंध्र हेंच नळीचें एक उघडें टोंक होय, व दुसरें टोंक म्हणजे पुढचें पहिलें उघडें भोंक. अशा नळींत मूळ स्वराच्या लहरीची लांबी नळीच्या दुप्पट असते. आतां हिशेब करून पाहा. हवेचें उष्णतामान २० अंश सेंटिग्रेड असतांना ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४३ मीटर असतो. कंप पावणाऱ्या हवेची लांबी ३३ सेंटिमीटर धरली तर लहर ६६ सेंटिमीटरांची झाली, व ३४३ ला ०.६६ नें भागिलें असतां सेकंदास सुमारें ५२० कंप येतात. पेटीवरील वरच्या पांढरी एकच्या अगदीं जवळचा हा स्वर आहे. (टोकांच्या किंचित् बाहेरची हवाहि कंप पावते, म्हणून हिशेबाची लांबी पट्टीनें मोजलेल्या लांबीहून थोडी अधिक धरावी लागते.) भोंकें उघडीत गेलें कीं नळी जणूं आंखूड होत जाते व स्वर चढत जातो. उष्णतामान एका अंशानें वाढलें तर ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ०.६ मीटरनें वाढतो. म्हणून थंडीच्या सकाळीं गार पडलेली बांसरी पेटीशीं उतरलेली वाटते, व चार मिनिटें वाजविल्यावर श्वासाच्या उबेनें वर येते. आमच्या शाळेंतील कित्येकांनीं एवढ्यावरूनच चांगली बांसरी बेसुरी ठरवून टाकून दिली आहे!

आतां तो प्रसंग. बऱ्याच वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या संगीताची व्यवस्था आमच्याकडे होती. आमचें स्वतःचें शिक्षण पेटीचें व गायनाचें; बांसरीशीं ओळख जेमतेम तीन महिन्यांची. इयत्ता आठवींतील एक अबोल मुलगा रोज सायंकाळीं आपली बांसरी घेऊन आमच्या ओट्यावर येई, व दिवेलागणीपर्यंत फुंकीत बसे. तीन आठवडे झाले, स्वर निघेना. त्याच्या वरच्या ओठाला मधोमध खालीं उतरलेला लहानसा उंचवटा होता. आम्हीं तो पाहिला आणि मोठ्या जाणतेपणानें निकाल दिला : "हें बघ, तुझ्या ओठाची ठेवणच बांसरीला प्रतिकूल आहे. तूं झांजा घे." तो "बरें, सर," म्हणाला व गेला. संमेलनांत त्यानें झांजा वाजविल्या, आणि त्या चांगल्या वाजविल्या.

संमेलन होऊन महिना लोटला असेल. एका सायंकाळीं आम्ही विहिरीकडून येत असतां पलीकडच्या चिंचेखालून बांसरी ऐकूं आली. सूर कच्चा होता, पण स्वच्छ होता. जवळ जाऊन पाहतों तों तोच मुलगा! त्याच्या शेजारीं गवतांत औषधाची एक रिकामी बाटली पडली होती. आम्हीं विचारिलें, तेव्हां त्यानें सांगितलें कीं, दवाखान्यांतून आणलेल्या त्या बाटलीच्या तोंडावर फुंकून तो आधीं घुमारा काढावयास शिकला. आणि तसें करतांना त्यास आढळून आलें कीं ओठाचा मधला उंचवटा हवेची पट्टी दुभंगवितो, परंतु फट मधोमध न ठेवतां जराशी डावीकडे ठेविली तर ती अखंड निघते. मग त्यानें बांसरीहि तेवढीच सरकवून धरली. "केव्हांपासून वाजतें?" असें आम्हीं विचारिलें. "संमेलनाच्या आधींपासून, सर. पण आपण झांजा सांगितल्या होत्या."

पुढें आम्हांस कळलें कीं ओठाची अशी ठेवण पुष्कळांची असते, व पाश्चात्य देशांतील बांसरीचे शिक्षक अशा विद्यार्थ्यांस फट एका बाजूस घेण्यास मुद्दाम शिकवितात. हें आम्हांस आधीं ठाऊक असावयास हवें होतें. दुसऱ्या दिवशीं वर्गासमोर आम्हीं आपली चूक कबूल केली. परंतु संमेलन होऊन गेलें होतें, आणि पुढच्या वर्षीं तो मुलगा वडिलांची बदली झाल्यानें दुसऱ्या गांवीं गेला.

त्या दिवसापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलास आम्ही आधीं बाटली देतों. बाटलीचें तोंड रुंदीला अंगठ्याएवढें असावें. तिचा कांठ खालच्या ओठाखालीं टेंकवावा, ओठ किंचित् ताणून मधें तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवावी, आणि गरम दुधावर घालतों तशी हळू फुंकर समोरच्या कांठावर घालावी. बाटली घुमूं लागली कीं बांसरी उचलावी. सहाहि भोंकें मोकळीं ठेवावीं. एका हातानें डोक्याकडची बाजू व दुसऱ्या हातानें शेंपटाकडची बाजू धरून केवळ मुखरंध्रावर लक्ष द्यावें. मुखरंध्र आधीं दोन्ही ओठांच्या मधोमध टेंकवावें, म्हणजे त्याची जागा ओठांस कळते. मग बांसरी बोटांनीं पुढें फिरवीत न्यावी, इतकी कीं खालच्या ओठानें भोंकाचा सुमारें तिसरा हिस्सा झांकला जाईल. आरसा समोर ठेविला तर उत्तम. आरशांत फट रुंद दिसली तर फुंक वायां जात आहे असें समजावें; गाल फुगलेले दिसले तर ते आंत घ्यावे. मग फुंक चालू ठेवून बांसरी एक केसभर आंत, एक केसभर बाहेर अशी फिरवावी. कोठें तरी एका ठिकाणीं फुसफूस संपून स्वर उभा राहतो. तेथें थांबावें. ती जागा ओठांनीं लक्षांत ठेवावी, बांसरी खालीं ठेवावी, आणि पुन्हां शोधावी. एका सायंकाळीं वीस वेळां ती जागा सांपडली तर त्या दिवसाचा अभ्यास झाला. त्या दिवशीं गाण्याच्या मागें लागूं नये.

पहिल्या आठवड्यांत डोकें हलकें होतें, कधीं घेरीहि येते. घरचीं वडील माणसें यावरून छाती दुबळी असल्याचें अनुमान काढतात, व कित्येक आया बांसरी हिसकावून चुलींत घालतात. वास्तविक हा प्रकार दुबळेपणाचा नसून अतिरेकाचा आहे. भराभर खोल श्वास टाकल्यानें रक्तांतील कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षां कमी होतो, त्यामुळें मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आकुंचित होतात, आणि डोळ्यांपुढें काजवे चमकतात. बांसरी ठेवून चार मिनिटें सहज श्वासानें बसावें, म्हणजे सर्व पूर्ववत् होतें. फट लहान झाली कीं हवा कमी लागते आणि घेरी आपोआप थांबते. म्हणजे ज्याला दम अपुरा पडतो त्याची फट मोठी आहे, असेंच बहुधा समजावें. मात्र ज्यास दम्यासारखा एखादा विकार असेल त्यानें डॉक्टरांस विचारूनच आरंभ करावा. आणि एकमेकांच्या बांसऱ्या फुंकण्याची वसतिगृहांतील चाल तर सर्वांनींच सोडावी.

स्वर स्थिर झाल्यावर बोटें. बांसरी उजव्या अंगास धरणारानें डाव्या हाताचीं तर्जनी, मध्यमा व अनामिका ओठाकडच्या तीन भोंकांवर, आणि उजव्या हाताचीं तींच बोटें पुढच्या तीन भोंकांवर ठेवावीं. अंगठे खालून आधार देतात. जो स्वभावतः डावरा असेल त्यानें उलट धरली तरी कांहीं बिघडत नाहीं, कारण बांबूला डावें-उजवें नसतें. पं. हरिप्रसाद चौरसिया (जन्म १९३८) हे नांवारूपास आल्यानंतर अन्नपूर्णादेवींकडे शिकण्यास गेले तेव्हां त्यांनीं नव्यानें आरंभ करण्याच्या निश्चयानें आपला हातच बदलला, असें ते स्वतः सांगत आले आहेत. तेव्हां आपल्या मुलांनीं पहिल्या महिन्यांत हात कोणता यावर भांडत बसूं नये.

भोंकें नखाच्या टोंकानें नव्हे, तर बोटाच्या गुबगुबीत भागानें झांकावीं. बोट घट्ट दाबण्याचें कारण नाहीं. हवा निसटूं नये एवढेंच पाहावें. ओठाकडून आरंभ करून एकेक भोंक झांकीत जावें. स्वर जेथें फुटेल तेथें शेवटीं ठेविलेलें बोट, किंवा तें ठेवतांना हललेलें त्याच्या आधींचें बोट, दोषी असतें. पुष्कळदां गुन्हेगार अनामिकाच निघते. मग बोटें उचलून पाहावीं; प्रत्येकावर भोंकाचा पुरा गोल वळ उमटलेला असला म्हणजे झालें.

स्वरांची मांडणी आपल्या हिंदुस्थानी पद्धतींत अशी आहे. ओठाकडचीं तीन भोंकें झांकलीं कीं षड्ज. दोन झांकलीं कीं ऋषभ, एक झांकलें कीं गांधार, आणि सर्व मोकळीं सोडलीं कीं तीव्र मध्यम. उलट दिशेस चार झांकलीं कीं मंद्र निषाद, पांच झांकलीं कीं मंद्र धैवत, सहा झांकलीं कीं मंद्र पंचम. मघांच्या हिशेबांतील ३३ सेंटिमीटरांचा स्वर हा असा पंचम होय, व त्या बांसरीचा षड्ज पांढरी चारवर येतो.

यांत शुद्ध मध्यम कोठें गेला, हें लक्षांत आलें असेलच. तो पहिल्या भोंकावरील बोट अर्धें सरकवून काढावा लागतो, आणि येथें पुष्कळांचा धीर खचतो. परंतु ही युक्ति फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत सुषिर वाद्यांचा स्वतंत्र अध्याय असून, बोट पूर्ण उचलल्यानें चार श्रुतींचा, कंपित ठेवल्यानें तीन श्रुतींचा व अर्धें उघडल्यानें दोन श्रुतींचा स्वर निघतो असें तेथें सांगितलें आहे. बोट उचलूं नये. मनगट किंचित् वळवून तें भोंकावरून लोळवावें. पेटीवर मध्यम धरून ठेवण्यास मित्रास सांगावें व त्या स्वराशीं आपला स्वर जुळेपर्यंत बोट हलवावें. पेटी नसल्यास हल्लीं भ्रमणध्वनीवरहि तंबोरा मिळतो. कानाला मध्यम ठाऊक असला तर बोट आठ दिवसांत शिकतें. कानालाच ठाऊक नसला तर बोटाला वर्षहि पुरत नाहीं. म्हणून बांसरीवर जें वाजवावयाचें तें आधीं तोंडानें गाऊन घ्यावें, असा आमच्या वर्गांत नियम आहे.

मध्य सप्तकांतील पंचम, धैवत व निषाद यांसाठीं नवीं भोंकें नाहींत. बोटें मंद्रांतील त्याच स्वरांचीं ठेवावयाचीं, व हवेचा वेग तेवढा वाढवावयाचा. येथेंहि जोराचा मोह आवरावा. नदीचें पात्र अरुंद झालें कीं तेंच पाणी वेगानें धांवतें. तसेंच ओठांची फट लहान केली कीं तीच फुंक वेगवान होते, व स्वर एक सप्तक वर उडी घेतो. जो केवळ जोरानें ही उडी घेतो त्याचा पंचम कर्कश लागतो आणि कुत्रीं ओरडूं लागतात. वसतिगृहाच्या शेजाऱ्यांस याचा अनुभव आहे.

आतां बांसरी कोणती घ्यावी, हें थोडक्यांत सांगतों. लांबलचक बांसरी पाहून मुलें मोहित होतात. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनीं रागसंगीतांतील मंद्र स्वर गंभीरपणें लागावेत म्हणून सुमारें ३२ इंचांची बांसरी प्रचारांत आणली, व एरवीं लोकगीतांच्या साथीला असणारें हें वाद्य ख्यालाच्या बैठकींत मानानें बसविलें. ते १९४० पासून कित्येक वर्षें मुंबईंतच राहत होते. परंतु तसल्या बांसरीचीं भोंकें एकमेकांपासून इतकीं दूर असतात कीं तेरा वर्षांच्या मुलाची अनामिका तेथवर पोंचत नाहीं, व पोंचली तरी भोंक झांकीत नाहीं. हातभर लांबीची, ज्या बांसरीवर सहाहि बोटें न ताणतां बसतात तीच आरंभीं घ्यावी. बांबू पातळ सालीचा, सरळ व चिरा नसलेला पाहावा. आपल्या कोंकणांतला माणगा जवळजवळ भरीव असतो, त्याची बांसरी होत नाहीं. उत्तर प्रदेशांतील पिलिभीत येथें पिढ्यान् पिढ्या बांसऱ्या करणारे कारागीर आहेत, आणि त्यांनाहि लांब पेरांचा पोकळ बांबू आसामांतून आणावा लागतो. जत्रेंतली बांसरी घेण्यास हरकत नाहीं. मात्र घेण्यापूर्वीं वाजविणाऱ्या माणसाकडून ती वाजवून घ्यावी व सारेगम ऐकावें. विकणारा स्वतः तिच्यावर सुरेल वाजवितो, तेव्हां ती बांसरी सुरेल आहे कीं तो माणूस ओठांनीं तिचे दोष झांकीत आहे, हें आम्हांसहि सांगतां येत नाहीं. म्हणून त्याच्या हातांतली मागूं नये. आपण निवडलेली त्याच्या हातीं द्यावी.

वाजविण्याची वेळ सकाळीं दहा मिनिटें व सायंकाळीं दहा मिनिटें पुरे. ओठ थकले कीं फट ढिली पडते व मग चुकीचीच संवय लागते. वाजवून झाल्यावर आंतील ओल काठीला गुंडाळलेल्या फडक्यानें पुसावी, आणि बांसरी उन्हांत अथवा चुलीजवळ ठेवूं नये, तडकते.

औषधाच्या रिकाम्या बाटल्या उकळून, स्वच्छ करून आम्हीं प्रयोगशाळेच्या खालच्या कपाटांत ठेविल्या आहेत. यंदा जत्रेहून येणाऱ्यांनीं मधल्या सुटींत येऊन एकेक न्यावी, व बाटली घुमूं लागली म्हणजे परत आणून द्यावी. पुढच्यास ती लागते.